गर्भाची प्रतवारी कोणासाठी?

१९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या साधनेतून भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मास आले. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ही विद्या सिद्ध केली. निपुत्रिकांचे अश्रू पुसणाऱ्या त्या विद्येच्या आश्रयाने आज नवे दुकान थाटले जात आहे. पती-पत्नीची जनुके वाचायची, गर्भाच्या काही पेशी काढायच्या आणि कोणता गर्भ 'उत्तम' ठरेल याचे भाकीत विकायचे!

विज्ञानाला आमचा विरोध नाही. टीयूबीबी८ या जनुकातील दोषामुळे काही स्त्रियांचे बीजांड परिपक्वच होत नाही, हे २०१६ साली चिनी संशोधकांनी दाखवून दिले. अशा भगिनीस ते वेळीच कळले, तर निष्फळ इंजेक्शने आणि कर्ज यांतून ती वाचेल. थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या दांपत्यासही गर्भाची तपासणी वरदानच आहे. परंतु एका ज्ञात दोषाची ओळख आणि संपूर्ण गर्भाच्या गुणवत्तेचे भविष्य यांत फार अंतर आहे.

हे अंतर आकडेच सांगतात. चीनमध्ये १२१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गर्भांची गुणसूत्रे तपासलेल्या गटात अपत्यप्राप्तीचे प्रमाण ७७.२ टक्के होते, तर केवळ रूप पाहून गर्भ निवडलेल्या गटात ८१.८ टक्के. अमेरिकेत तर उंची आणि बुद्धी यांचेही भाकीत विकले जाते. दहा गर्भांतून 'सर्वोत्तम' निवडला, तरी सरासरी लाभ सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकाचे अडीच गुण, असा हिशेब २०१९ साली संशोधकांनी मांडला. शिवाय त्या वर्षीच्या एका गणनेनुसार अशा जनुकीय अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. परक्याच्या मापाने आपल्या लेकरांची प्रतवारी कशासाठी?

गर्भजलपरीक्षाही आनुवंशिक व्याधी शोधण्यासाठीच आली होती. पुढे तिने किती लेकींचा घास घेतला, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. १९८८ साली तिला पायबंद घालणारा कायदा देशात प्रथम आपल्याच राज्याने केला. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही गर्भाची जनुकीय तपासणी मुख्यतः ज्ञात आनुवंशिक व्याधींपुरती मर्यादित ठेवली असून लिंगनिवडीस मज्जाव केला आहे. या कायद्याखाली काम करणाऱ्या राष्ट्रीय आणि राज्य मंडळांनी 'उत्तम गर्भा'च्या जाहिरातींची झडती घ्यावी.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. अहवालातील एका अक्षरावरून सुनेस 'सदोष' ठरविणारे घर कोणत्या संस्कृतीचा अभिमान सांगणार? स्वाक्षरी करण्यापूर्वी डॉक्टरांस दोन प्रश्न अवश्य विचारा : ही तपासणी नेमकी कोणत्या व्याधीसाठी? तिच्यामुळे आमच्या घरी मूल येण्याची शक्यता किती वाढेल? उत्तर लेखी मागा. उत्तर नसेल, तर तो पैसा उपचारासाठी राखून ठेवा.