पेशींचा निरोप

वासरूं सडाला लागलें कीं गाय पान्हा सोडते, हें भूम तालुक्यांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. येथील खव्याची कीर्तिच दूरवर गेलेली आहे. परंतु पान्हा सोडण्याची आज्ञा कासेला देतो कोण, असें विचारणारा विद्यार्थी आम्हांस विरळाच भेटतो. उत्तर मौजेचें आहे. वासराचें तोंड लागतांच गाईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडलें जातें. तें साऱ्या अंगांत फिरतें. पण कासेंतील ज्या पेशींना त्याची ओळख असते त्या आकसतात आणि दूध खालीं उतरतें.

आपल्या शरीरांतील पेशी अशाच निरोपांवर जगतात. वाढ, थांब, दुभंग, मर, असे हुकूम त्यांच्या दाराशीं येतात. दारांतील ग्राहक-प्रथिन हुकूम घेतें, आणि आंतले जासूद तो पुढें नेतात. अशा एका जासुदाचा शोध लावणारे अमेरिकन शास्त्रज्ञ सदरलंड यांस १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. 'थांब' हा हुकूम ज्या पेशीला ऐकूं येईनासा होतो ती वाढतच सुटते. कर्करोगाचें एक मूळ तेथें आहे.

ह्या मुळाचा शोध घेण्यांत जिनें आयुष्य वेंचलें अशी एक मराठी स्त्री होऊन गेली. श्रीमती कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यांत झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टराशींच लग्न करावें अशी त्यांची इच्छा होती. मुलीनें दोन्ही केलें नाहीं! तिनें वनस्पति व प्राणी यांचें शास्त्र घेतलें, एका गणितज्ञाशीं विवाह केला, आणि मुंबईस डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं कर्करोगाचें संशोधन करून १९४९ सालीं पीएच.डी. मिळविली. पुढें बाल्टिमोर येथें डॉ. गे यांच्याजवळ, शरीराबाहेर कांचेच्या नळींत पेशी जिवंत ठेवण्याची विद्या शिकून त्या परत आल्या, व मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत तिची प्रयोगशाळा त्यांनीं उभारली.

त्यांचें मुख्य काम उंदरांवर होतें. कांहीं जातींच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग घडविणारें कारण आईच्या दुधावाटे पिलांत जातें, असें बिटनर यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें. तें कारण म्हणजे एक विषाणु. (आमच्या गाई-म्हशींच्या दुधाशीं ह्याचा संबंध नाहीं, कोणीं उगाच घाबरूं नये.) पण विषाणु असूनही प्रत्येक मादीस रोग कां होत नाहीं? आनुवंशिकता, बाळंतपणें, संप्रेरकें आणि विषाणु यांची सांगड कशी बसते, हें रणदिवेबाईंनीं वर्षानुवर्षें तपासलें. इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाचा निरोप पेशींत अडविणारीं औषधें आज स्तनाच्या कित्येक कर्करोगांत दिलीं जातात. हें यश कोणा एकाचें नव्हे. देशोदेशींच्या अशा शेंकडों माणसांनीं उंदीर मोजले, तेव्हां तें हातीं आलें.

आतां पालकांशीं दोन शब्द. मुलगी शास्त्रांत हुशार निघाली कीं घरीं दोनच प्रश्न निघतात: डॉक्टर होणार काय, आणि नसेल तर लग्न कधीं? संशोधनाचा मार्ग लांबचा आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतरही पांच-सहा वर्षें विद्यावेतनावर काढावीं लागतात, आणि पुढें नोकरीची हमी नाहीं. हें आम्ही लपवीत नाहीं. कर्जानें शिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही काळजी वाटणें रास्तच आहे. तथापि डॉक्टर जें औषध लिहून देतो तें कोणीतरी आधीं शोधलेलें असतें, आणि तें शोधणारी मुलगी भूमची नसावी असें कोठें लिहिलें आहे? समर्थांनीं स्वतःची इच्छा मुलीवर लादली नाहीं, एवढेंच आम्ही दाखवूं इच्छितों.

अशी मुलगी शहरांत गेली कीं गांवाला परकी होते, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. १९७३ सालीं भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यांत रणदिवेबाई होत्या. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. आणि ह्याच बाईंनीं तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, व तेथील खेड्यांतल्या बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावून सांगितल्या.