हिरकणीसाठी दरवाजा

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, दिवस मावळताच बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरात भुकेलेले तान्हे आणि काळोखात सरळसोट कडा उतरून गेलेली आई. आख्यायिकाच ती. पण तिच्या नावाचा बुरूज आपण आजही बोट दाखवून पोरांना सांगतो, आणि एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या झाल्या त्यांनाही ‘हिरकणी कक्ष’ हेच नाव दिले गेले. माझ्या कारकुनी डोक्यात मात्र दर वेळी एकच प्रश्न उभा राहतो. कडा उतरल्याचे एवढे कौतुक, मग दरवाजाचे काय?

आईच्या दुधाला अमृत म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्या अमृताचा हिशेब मात्र फार कमी लोक समजून घेतात. बाळंतपणानंतरचा पहिला पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालली. तो चीक असतो चार-दोन चमचे, पण रोगजंतूंना आतड्याच्या अस्तराला चिकटू न देणारी प्रतिद्रव्ये त्यात ठासून भरलेली असतात. पुढचे दूध पातळ दिसते म्हणून आजीबाई नाक मुरडतात. त्यात सुमारे ८७ टक्के पाणी असते, आणि म्हणूनच पहिले सहा महिने, अगदी आमच्या मराठवाड्याच्या वैशाखातही, बाळाला वरून पाण्याचा थेंब लागत नाही. ज्या गावात टँकरचे पाणी प्यायचे, तिथे याची किंमत मी सांगायला नको.

याहून नवल वाटावे अशा दोन गोष्टी आहेत. या दुधात काही जटिल शर्करा असतात, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कोणासाठी? तर बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या उपकारक जीवाणूंसाठी. म्हणजे आई एकाच वेळी दोन पंगती वाढते. दुसरी गोष्ट अशी की आईच्या पोटात ज्या गावचे जंतू जातात, त्यांनाच ओळखणाऱ्या पेशी तिच्या आतड्यातून निघून स्तनांपर्यंत पोहोचतात आणि त्या जंतूंवरची प्रतिद्रव्ये दुधात उतरवतात. कळमनुरीच्या आईचे दूध कळमनुरीच्या पाण्याशी लढायला तयार झालेले असते. डब्यातल्या पावडरीला तुमचे गाव ठाऊक नसते.

अंगावर प्यालेले मूल हुशार निघते वगैरे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याबाबत मी जरा सावध आहे. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरचा परिणाम त्यातून वेगळा काढणे कठीण. पण बेलारूसमध्ये १९९० च्या दशकात सतरा हजारांहून अधिक माय-लेकरांवर झालेल्या अभ्यासाने एवढे तरी पक्के केले की, स्तनपानाला नीट मदत मिळालेल्या गटात पहिल्या वर्षातले पोटाचे संसर्ग स्पष्टपणे कमी झाले. गरिबाच्या घरी हगवण हाच मोठा वैरी. तेवढा लाभ मला पुरतो.

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दान करणाऱ्या आईची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचे, गोठवून ठेवायचे आणि अपुऱ्या दिवसांच्या, स्वतःच्या आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना द्यायचे. उभा जन्म ठेवी मोजण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला ही बँक फार आवडते. ठेवीदार व्याज मागत नाही, आणि कर्जदाराला फेडायचे नसते.

पण आईच्या स्वतःच्या दुधाचे खाते आमच्या बँकेच्या अगदी उलट चालते. जेवढे काढाल तेवढे वाढते. काढलेच नाही, तर साचलेले दूधच पुढची निर्मिती रोखून धरते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीच्या अंगात ताकद आणतील, पण पान्हा टिकवते ते बाळाचे चोखणे.

मी कळमनुरीच्या शाखेत होतो, तेव्हा ती परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. एका बाजारच्या दिवशी रांगेत एक मजूर बाई उभी होती. मागे कुणाचे तरी मूल रडू लागले आणि हिने एकदम पदर ओढून भिंतीकडे तोंड फिरवले. चोळी भिजली होती. “लेकरू रडायलं असंल, साहेब,” एवढेच म्हणाली. तिचे लेकरू गावाकडे सात वर्षांच्या बहिणीजवळ होते. मेंदूतून सुटणारे ऑक्सिटोसिन हे पान्हा फुटण्याचे शास्त्रीय कारण मी नंतर वाचले. ते वाचताना मला ती भिंत आठवली.

अशा बाईला ‘सहा महिने फक्त अंगावरचे पाजा’ असे भिंतीवर रंगवून सांगायचे, म्हणजे काय? कापूस वेचणीला किंवा हळद काढणीला ती सकाळी निघते, सांजेला येते. दूध काढून ठेवावे तर घरात फ्रीज नाही. दोन-तीन आठवड्यांत पान्हा आटतो, मग बिस्किटाचे पाणी सुरू होते, आणि परिचारिका रागावते ती हिच्यावर.

कायदे आपण चांगले केले. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरीची जाहिरात बंद झाली, डब्यावरचे गुटगुटीत बाळही गेले. १९६१ च्या प्रसूती कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावर पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या; २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आमच्या बँकेतल्या मुलींना त्याचा लाभ झाला, आनंदच आहे. रोजंदारीच्या बाईला रजा देणार कोण? तिच्यासाठी २०१७ ची मातृवंदना योजना आहे, पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये. सहा महिन्यांवर वाटून पाहा. दिवसाला अठ्ठावीस रुपयेही होत नाहीत. एवढ्यावर कोण मजुरी सोडून घरी बसेल?

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर लावायची तरतूद होती. कल्पना साधी आणि पक्की होती. हळदीच्या हंगामात बांधावर एक सावली, एक झोळी, मुले राखायला गावातलीच एखादी म्हातारी, आणि पाजायला गेलेल्या अर्ध्या तासाची मजुरी न कापण्याचा करार. दहा-पंधरा बायांच्या टोळीमागे शेतकऱ्यावर याचा बोजा किती पडेल, ग्रामपंचायतीने किती उचलावा, हे एका पानावर मांडता येईल. मी निवृत्त आहे, आकडेमोड अजून जमते. कुठल्याही ग्रामपंचायतीने बोलवावे, कागद-पेन्सिल घेऊन येतो.