ती गाय अवलक्षणी नव्हती

माणदेशात आमच्या चुलत्यांच्या दावणीला एक खिलार वळू होता. कोसा रंग, भरदार वशिंड, डौलात मागं वळलेली शिंगं. पंचक्रोशीतल्या गाई त्याच्याकडे फळवायला येत. आठ-दहा वर्षं तोच एक वळू चालला. मग एका पावसाळ्यात आमच्याच गोठ्यात सांधे आखडलेलं, पुढचे पाय दुमडलेलं वासरू जन्मलं आणि तासाभरात गेलं. चुलत्यांनी उजाडायच्या आत ते ओढ्याकाठी पुरलं. पुढच्या वेताला त्याच गाईला पुन्हा तसंच वासरू झालं. ‘ग्रहणात मोकळी सुटली होती,’ आजीनं निकाल दिला. दोन्ही वेळा ग्रहण कुठून आलं, हे विचारायचं माझं वय नव्हतं. गाय अवलक्षणी ठरून बाजारात गेली. ती त्याच वळूची लेक होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वळूचं नाव मात्र कुणी काढलं नाही. त्याच्यावर घराची पत होती.

अशा बहुतेक जन्मजात दोषांचं गणित साधं आहे. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर जनावर धडधाकट राहतं, दोष नुसता वाहून नेतं. असे दोन वाहक एकत्र आले की सरासरी चारांतल्या एका वासराच्या वाट्याला दोन्ही खराब प्रती येतात. लग्नाआधी थॅलसेमियासाठी रक्त तपासा म्हणतात, ते याच हिशेबानं. म्हणजे एकट्या गाईला बोल लावणं हा शुद्ध अन्याय. आणि जातिवंत जनावरांचे पूर्वज मोजकेच असल्यानं तिथं वाहकाची गाठ वाहकाशी लवकर पडते.

हे झाकण्यात आपणच पटाईत आहोत असं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत हिअरफर्ड जातीत खुजी वासरं निपजू लागली, तेव्हा नामांकित गोठेवाल्यांनीही ती लपवली. वाहक ओळखायची खात्रीची सोय नव्हती. मग भीतीपोटी घराणीच्या घराणी मोडीत निघाली, त्यांत निर्दोष जनावरंही गेली. होल्स्टिन जातीत १९५२ साली जन्मलेल्या ऑसबॉर्नडेल आयव्हॅनहो या वळूचा वंश कृत्रिम रेतनानं जगभर पसरला आणि त्याबरोबर ‘ब्लॅड’ हा विकारही. यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोहोचूच शकत नाहीत; वासरू एकामागून एक आजार काढत मरतं. १९९२ मध्ये बिघडलेलं जनुक सापडलं, तेव्हा अमेरिकेतल्या होल्स्टिन वळूंपैकी सुमारे १५ टक्के वाहक निघाले. यावेळी मात्र शहाणपण झालं. वाहकाच्या नावापुढे ‘बीएल’, निर्दोष वळूच्या नावापुढे ‘टीएल’ अशी अक्षरं उघड छापली जाऊ लागली.

याच जातीतला चीफ नावाचा वळू १९६२ सालचा. त्याच्या वंशातल्या एका दोषामुळे जगभरात पाच लाखांवर गर्भ गेले असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. पण त्याच्या लेकी-नातींनी दूध इतकं वाढवलं, की फायदा नुकसानीच्या कितीतरी पट भरला. अशा वळूला आधीच कापला असता तर? म्हणून माझं म्हणणं, वाहक जनावर कसायाकडे धाडू नये. त्याला निर्दोष जोडीदार द्यावा. त्या दोषानं आजारी वासरू होणार नाही, आणि साधारण निम्मी वासरं पूर्ण निर्दोष निघतील. पुढच्या पैदाशीला ती ठेवावीत. लाल कंधारी, डांगी अशा आपल्या जातींत आधीच जनावरं थोडी. तिथं सरसकट काट मारली तर उरलेल्यांतच सोयरीक होणार.

आपल्याकडे वीर्यकेंद्रांवर होल्स्टिन वळू घेताना ब्लॅडची तपासणी होते, हे चांगलंच. पण गोठ्यात विचित्र वासरू जन्मलं तर ते डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि बाप कोण हे सांगता यायला हवं. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावाच्या गोठ्यात एक देखणी कालवड होती. बाप कोणता, विचारलं. ‘डॉक्टरांनी भरवली,’ एवढंच त्याला माहीत. रेताच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, म्हटलं. त्यानं हातानंच उकिरड्याकडे दाखवलं.