आमचा नहर नकाशात, आम्ही बाहेर

नहरांच्या खुल्या नकाशाचा प्रकल्प सुरू करणाऱ्या मित्रांनो,

सदस्यांची यादी पाहिली. इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रातलं एकही नाव तीत नाही. कसं जमलं हो तुम्हाला?

गोठणगावात बसून तुम्हीच म्हणाला होतात ना, कोड येत नसला तरी चालेल, नहर ओळखणारा माणूस पाहिजे? त्या शब्दावर आमच्या पोरी ऐन रोवणीत मोबाइल घेऊन चिखलातून हिंडल्या. कुठली चारी बुजली, कुठलं गेट गळतं, टोकाच्या बांधीला पाणी का पोचत नाही, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? गाढवी नदीवरच्या या धरणाचं पाणी गोंदिया, भंडारा, गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांत जातं. उपग्रहाच्या चित्रात कालव्याची रेघ दिसते. पाळी कुणाची बुडाली ते दिसत नाही. ते नकाशात आम्ही भरलं.

आणि आता नियम काय, तर ज्याचा कोड आधी स्वीकारला गेला त्यालाच सदस्यत्व, तेही दोन जुन्या सदस्यांच्या शिफारशीने. जुने कोण? तुम्हीच! प्रकल्पाला अजून वर्ष झालेलं नाही.

सुरक्षेचं कारण पुढे करता. 2024 मधलं एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आम्हीही वाचलंय. तिथे चोरवाट ठेवणारा कोण होता? दोनेक वर्षं कोड देऊन विश्वास कमावलेला माणूस. तुमच्या चाळणीतून तो आरामात आत आला असता. अडकलो ते आम्ही.

कोड बदलायचा अधिकार आम्ही मागितलाच कधी? आधी काय बनवायचं, कुणासाठी, एवढं ठरवताना मत मागत होतो. डेबियन या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने 2010 मध्ये मतदान घेऊन, पॅकेज न बनवणाऱ्यांनाही सदस्यत्वाचं दार उघडलं, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच. किती अभिमानाने सांगितलं होतं! आम्ही ते खरं धरलं, आणि गावात चार लोकांना सांगतही सुटलो. आज तेच विचारतात, तुमचं नाव कुठं आहे?

परवाना खुला आहे. दिलेली माहिती परत मागता येत नाही, मागायचीही नाही. नाव छापा असंही म्हणणं नाही.

उन्हाळी धानाला पाणी सुटलं की नकाशा पडताळायला तुमचा फोन येईलच. तो कोणत्या नात्याने करणार आहात, तेवढं आधी कळवा.