पोटदुखीची सबब?

देवरूखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढणाऱ्या एसटीच्या वाहकाला मध्येच पोटात कळ आली, तर त्याने जायचे कुठे? जुनाट पोटविकार असलेल्याचा दिवस याच प्रश्नाभोवती फिरतो. ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) या आतड्याच्या विकारात सोनोग्राफी, एंडोस्कोपी बहुधा निर्दोष येते, मग साहेबांना दुखणे सबब वाटते. क्रोन, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तर आतड्याला प्रत्यक्ष सूज असते, तरी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हे आजार नाहीत. घरचे ‘पेज खा, सोलकढी पी’ सांगतात. सल्ला मायेचा, पण शौचातून रक्त पडू लागले, वजन घटू लागले, तर डॉक्टरच हवा. आणि कामाच्या ठिकाणी? कुलूप न लावलेले, पाणी असलेले शौचालय, जेवणाची ठरलेली सुट्टी आणि कारण न विचारता पाच मिनिटे. यासाठी कायदादुरुस्तीची वाट कशाला पाहायची?