दिलेला जामीन काढताना

मराठीतला ‘जामीन’ म्हणजे उर्दूतला ‘ज़ामिन’, हमी घेणारा. हमी मोडली तर जामीन जावा, हे रास्तच. पण न मोडताच गेला तर? ‘दौलतराम विरुद्ध हरियाणा’ (1995) या हुंडाबळीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने आरोपींचा अटकपूर्व जामीन रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला. जामीन नाकारणे वेगळे, दिलेला काढून घेणे वेगळे. त्याला सबळ कारण हवे: साक्षीदारांना धमकावणे, पळण्याचा प्रयत्न, सवलतीचा गैरवापर. (मूळ आदेशच बेकायदा असेल तर गोष्ट निराळी.)

आपल्या मोहल्ल्यात मात्र ‘नसीब’ म्हणून लोक गप्प बसतात. नसीब कसले? आदेशाची नक्कल घ्या. सुटल्यावर मुलाने काय केले, ते त्यात लिहिलेय का, वकिलाला विचारा. नसेल, तर वरच्या न्यायालयात जा.