आमची हॉकी लागते कुठल्या चॅनलवर?

मोहालीच्या ६३ नंबरच्या सेक्टरात दोन मैदानं आहेत. एक क्रिकेटचं, दुसरं हॉकीचं. क्रिकेटच्या मैदानाला २०१५ पासून इंदरजितसिंग बिंद्रा यांचं नाव आहे, हॉकीच्या मैदानाला बलबीरसिंग सीनियर यांचं. सेक्टर एक, पण टीव्हीच्या पडद्यावर दोघांचं नशीब मात्र सख्ख्या आणि सावत्र भावांसारखं!

क्रिकेटचं मैदान देशाच्या कानाकोपऱ्यात घरोघरी पोचलंय. ३० मार्च २०११ ला इथं भारत-पाकिस्तान वर्ल्ड कप सेमी फायनल झाली. दोन्ही देशांचे पंतप्रधान शेजारी बसून सामना बघत होते आणि सचिननं ८५ धावा काढल्या होत्या. कुणाला आठवत नाही? या मैदानावरचे दिव्यांचे बुटके खांबसुद्धा लोक ओळखतात. चंदीगडचा विमानतळ जवळ म्हणून ते उंच केलेले नाहीत.

आणि हॉकीचं मैदान? लीगच्या जमान्यात पंजाब वॉरियर्सचे घरचे सामने इथंही झाले. पण एरवी तिथं काय चालतं, हे टीव्ही बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही. स्पोर्ट्स चॅनल लावावं, तर पाच वर्षांपूर्वीचा क्रिकेट सामना. दुसरं लावावं, तर त्याच सामन्यातले चौकार-षटकार. तिसऱ्यावर पुढच्या मालिकेची चर्चा. ज्या पंजाबनं देशाला हॉकीपटूंच्या फौजा दिल्या, तिथला हॉकीप्रेमी रिमोट आपटतो तो उगाच नाही. 'नाव स्पोर्ट्स चॅनल, मग स्पोर्ट एकच कसं?' हा त्याचा साधा सवाल आहे.

प्रेक्षकाच्या नावानं जिंकलेली लढाई

गंमत बघा, 'प्रेक्षकाला सामना दिसलाच पाहिजे' ही लढाई ज्या स्पर्धेवरून पेटली, त्याच स्पर्धेत मोहालीच्या मैदानानं आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना पाहिला. २२ नोव्हेंबर १९९३, हिरो कप, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

त्या स्पर्धेचे टीव्ही हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनं ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला विकले आणि दूरदर्शनचं डोकं फिरलं. तोवर प्रक्षेपण म्हणजे सरकारची मक्तेदारी. १८८५ सालचा टेलिग्राफ कायदा पुढे करण्यात आला. उपग्रहाकडे चित्रं पाठवायला परवानगी मिळेना. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टम्सनं अडवली. भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाच्या तातडीच्या आदेशानंतर वाट मोकळी झाली. म्हणून तर ईडन गार्डन्सच्या सेमी फायनलमधली सचिनची ती शेवटची ओव्हर लोकांना पाहता आली!

अंतिम निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत एक मराठी न्यायमूर्ती होते, पी. बी. सावंत. कोर्टानं बजावलं की, आकाशातल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मालकी, ना कंपन्यांची. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे आणि निरनिराळी मतं, निरनिराळे विषय लोकांपर्यंत पोचले पाहिजेत.

दूरदर्शनची मक्तेदारी मोडण्यात मोहालीचे हे बिंद्रा क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष म्हणून आघाडीवर होते. त्यानंतर दिवसरात्र खेळ दाखवणारी चॅनल्स घरात आली. वाटलं, आता चंगळ! क्रिकेट बघा, टेनिस बघा, फुटबॉल बघा, हॉकीही बघा. टेनिस-फुटबॉल आलं, तेही परदेशातलं. देशी खेळ मात्र दाराबाहेरच राहिले. एका मालकाची मर्जी गेली आणि दुसऱ्याची आली, इतकंच.

ओव्हर संपली, जाहिरात आली

चॅनलवाल्यांचं गणित सरळ आहे. क्रिकेटमध्ये दर ओव्हरनंतर जाहिरातीला जागा. विकेट पडली की आणखी एक. हॉकीत चेंडू थांबतच नाही, मग साबण आणि मोटारसायकल विकायची कधी?

हॉकीनं यावर उपायही करून पाहिला. खेळ टीव्हीवर नीट दिसावा म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये निळं मैदान आणि पिवळा चेंडू आला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग मोडून पंधरा मिनिटांचे चार केले. पेनल्टी कॉर्नर मिळाला किंवा गोल झाला की चाळीस सेकंदांची विश्रांती ठेवली. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला खेळाचा साचा टीव्हीसाठी बदलला. एवढं करूनही आपल्याकडे हॉकीच्या वाट्याला काय येतं? वर्ल्ड कप किंवा ऑलिंपिक आलं की चार दिवस कौतुक, एरवी शुकशुकाट.

शिवाय हॉकी लागते कुठं, हेच ठरलेलं नसतं. आज एका चॅनलवर, उद्या दुसऱ्यावर, परवा नुसती मोबाइलच्या ॲपवर. घरातल्या आजोबांनी ती शोधायची कशी? हॉकी इंडिया लीगचंच घ्या. २०१३ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये पंजाबनं जिंकली, २०१७ नंतर बंद पडली. परत आली ती थेट २०२४ च्या डिसेंबरात. सामने राउरकेला आणि रांचीला झाले. आणि ते दाखवायला पुढे कोण आलं? दूरदर्शन! १९९३ मध्ये ज्याच्या नावानं बोटं मोडली गेली, त्याच दूरदर्शननं हॉकीला हात दिला.

कबड्डीला प्रेक्षक कुठून आले?

'लोकांना क्रिकेटच हवं असतं, आम्ही काय करणार?' हे चॅनलवाल्यांचं ठरलेलं उत्तर. ते अर्धसत्य आहे. उरलेलं अर्धं सत्य मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे.

कबड्डी आपल्या तालमी-मैदानांतली. गल्लोगल्लीच्या मंडळांनी जपलेली. टीव्हीवर तिला कुणी विचारत नव्हतं. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चॅनलनं मनावर घेतलं. संध्याकाळची मोक्याची वेळ दिली, झगमगते दिवे लावले, कॅमेरे पार रेषेपर्यंत नेले, नियम समजावून सांगितले. ३१ ऑगस्टला मुंबईत फायनल झाली तोवर घराघरांत पोरं 'रेड' आणि 'टॅकल' म्हणू लागली होती. खेळ तोच होता, मातीऐवजी मॅट आलं इतकंच. प्रेक्षक आकाशातून पडले नाहीत. त्यांना बोलावलं, म्हणून ते आले.

हॉकीला असं बोलावणं धडपणे कधी आलंच नाही. वास्तविक तिच्याकडे काय कमी आहे? टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ ला भारतानं जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं, तेव्हा देश सकाळी सकाळी टीव्हीपुढे बसला होता. कर्णधार मनप्रीतसिंग जालंधरजवळच्या मिठापूरचा. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा ब्राँझ. म्हणजे दाखवलं तर लोक बघतात. प्रश्न मधल्या तीन वर्षांचा आहे.

न दिसणारा हिरो

आणि हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. मुलं जे बघतात, तेच खेळतात. आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेसारखा खेळाडू मुलांनी पडद्यावर वर्षातून दोनदाच पाहिला, तर हातात स्टिक घेण्याचा हट्ट धरणार कोण? आणि आईवडिलांनी तरी तो हट्ट कशाच्या भरवशावर पुरवायचा? जो खेळ दिसत नाही, त्याला प्रायोजक नाही. प्रायोजक नाही, म्हणून पैसा नाही. पैसा नाही, म्हणून तो दाखवत नाहीत. असं हे रहाटगाडगं!

बलबीरसिंग सीनियर यांचंच उदाहरण घ्या. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या फायनलमध्ये हॉलंडविरुद्ध एकट्याचे पाच गोल. पुरुषांच्या ऑलिंपिक फायनलमधला तो विक्रम अजून अबाधित आहे. १९७५ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघाचे ते मॅनेजर होते आणि त्या संघाचं शिबिर चंदीगडला भरलं होतं. तो विजय लोकांनी रेडिओला कान लावून ऐकला. २५ मे २०२० ला मोहालीतच त्यांनी देह ठेवला. देशभर टाळेबंदी होती, स्पर्धा ठप्प होत्या आणि स्पोर्ट्स चॅनल्स जुने सामने दाखवून दिवस भरत होती. बहुतेक क्रिकेटचेच!

रिमोट तुमच्याही हातात आहे

मग प्रेक्षकानं नुसतं चरफडत बसायचं का? मुळीच नाही. फेब्रुवारी २०१९ पासून हवं तेच चॅनल निवडून त्याचेच पैसे देण्याची सोय झाली आहे. जे चॅनल तुमचा खेळ दाखवत नाही, त्याचे पैसे का भरायचे? केबलवाल्याकडे नुसतं 'स्पोर्ट्सचं पॅकेज द्या' म्हणण्याआधी त्यात आहे काय, ते विचारा. हॉकीचा सामना लागला की घरादारानं तो बघा. कारण चॅनलला तक्रारीपेक्षा आकडे लवकर कळतात. आणि गावात सामना असेल, तर मुलाचं बोट धरून मैदानावर जा. रिकाम्या खुर्च्यांपुढे कॅमेरा लावायला कुणीच येत नाही.

आकाश सर्वांचं आहे, असं कोर्टानं १९९५ मध्येच सांगून ठेवलंय. क्रिकेटनं त्यात खुशाल मोठी जागा घ्यावी, कुणाची ना नाही. पण त्याच सेक्टरातल्या दुसऱ्या मैदानाला एक खिडकी तरी ठेवा. एवढंच मोहालीच्या हॉकीप्रेमींचं मागणं आहे. ते फार आहे का?